पोराच्या पाऊचमध्ये डिस्पोजेबल व्हेप सापडलं? ओरडायच्या आधी मोजा

माझ्या भाच्याच्या पेन्सिल पाऊचमध्ये मला एक हायलायटर सापडला, फिकट हिरवा, खालच्या बाजूला गुलाबी होत गेलेला, आणि त्याचं टोपण काही केल्या निघेना. नखाने ओढून झालं, मग दातात धरून ओढलं (हो, दातात, आता आठवलं तरी शिसारी येते) आणि तेव्हा कलिंगडाच्या गोळीसारखा वास आला न् माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हायलायटर नव्हताच तो, डिस्पोजेबल व्हेप होतं, म्हणजे वापरून फेकून द्यायची ई-सिगारेट.

त्यानंतर चुकीचं जे जे करता येतं ते सगळं मी केलं. ओरडले, लगेच ताईला फोन लावला, ताईने भावोजींना सांगितलं, आणि ती वस्तू मी तिरीमिरीत कचऱ्याच्या डब्यात भिरकावली, जे तर सगळ्यात चुकीचं होतं, का ते शेवटी सांगते. पोरगा सतरा वर्षांचा, दोन दिवस कुणाशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे नवीन आलेलं होतं. म्हणजे माझ्या एवढ्या आरडाओरड्याची कमाई शून्य.

पुढचे चार-पाच महिने मी आणि भाचा, आम्ही दोघांनी मिळून जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, करून बघितलं आणि तोंडावर आपटलो, त्यातून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचं जिथे येईल तिथे डॉक्टरांकडे जायचंच. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सिगारेट संपते, व्हेप संपत नाही. सिगारेट पेटवली की पाच-सात मिनिटांत आग बोटापर्यंत येते, थोटूक विझवावं लागतं, पाकीट रिकामं होतं, म्हणजे ओढणाऱ्याला आपण किती ओढली ते आपोआप कळत असतं. व्हेपमध्ये असा थांबाच नाही, दोन कश मारा, खिशात टाका, पाच मिनिटांनी परत काढा, दिवसभर असंच चालू, आणि रात्री विचारलं की "कधीतरीच ओढतो" हे उत्तर येतं आणि गंमत म्हणजे ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच माहीत नसतं. म्हणून पहिलं काम मोजायचं.

आधी वस्तू नीट बघा

हायलायटर, पेन ड्राइव्ह, लिपस्टिक, छोटा ज्यूसचा खोका, असल्या कुठल्याही आकारात येतात. नव्या मॉडेलांना तर स्क्रीन असते, काहींवर गेमसुद्धा. ओळखायची खूण म्हणजे एका टोकाला चपटंसं तोंड आणि त्यात फट, दुसऱ्या टोकाला बारीक भोक, एखादा छोटा दिवा, कधी चार्जिंगचं पोर्ट. आणि हातात घेतलं की पेनापेक्षा जड लागतं, आत बॅटरी असते ना. वासावर विसंबू नका, गोडसर वास येतो पण तो काही मिनिटांत उडून जातो, सिगारेटसारखा कपड्यांना चिकटून बसत नाही.

वागण्यातल्या खुणाही असतात, उदाहरणार्थ सारखं बाथरूमला जाणं, लांबच्या प्रवासात दोन-तीन तासांनी विनाकारण चिडणं, तोंड कोरडं पडून सारखं पाणी पिणं. पण एवढ्यावरून कुणाला पकडू नका हं, सतरा वर्षांचं पोरगं तसंही चिडकंच असतं.

आत काय असतं ते मी एका चित्रात बघितलं, स्वतः उघडायला जाऊ नका. एक लिथियम बॅटरी, लिक्विडमध्ये भिजलेला स्पंज किंवा कापूस, त्यात बसवलेली तापणारी तारेची कॉइल, आणि टिकलीएवढा एक सेन्सर. तोंडाने ओढलं की आतला हवेचा दाब कमी होतो, सेन्सरला ते कळतं आणि कॉइल तापते. बटण नाही, काडी नाही, लायटर नाही. लिक्विड म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटीन, आणि अनेकांत थंडावा देणारं एखादं रसायन. लोक जे "नुसती वाफ आहे" म्हणतात ना, ती पाण्याची वाफ नसते, या सगळ्या द्रव्यांचे बारीक थेंब असतात ते.

यातली खरी करामत निकोटीन सॉल्टची. निकोटीन मूळच्या रूपात घशाला खरवडतं, जास्त घेतलं तर ठसका लागतो, आणि तो ठसका हाच नवशिक्यासाठी ब्रेक असतो. त्यात बेंझोइक अॅसिडसारखं आम्ल मिसळलं की तेच निकोटीन गुळगुळीत लागतं आणि कितीही स्ट्राँग असलं तरी घसा तक्रार करत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत जूल नावाचं व्हेप आलं त्याने ही युक्ती लोकप्रिय केली, आता बहुतेक सगळी डिस्पोजेबल त्यावरच चालतात. म्हणजे थोटूक तर काढलंच, ठसकासुद्धा काढून टाकला. मग कळणार कसं किती झालं ते?

आता कागद-पेन घ्या

वस्तूवर किंवा खोक्यावर बारीक अक्षरात दोन आकडे असतात. एक लिक्विड किती मिली आणि दुसरा निकोटीन किती. निकोटीन कधी टक्क्यांत लिहितात कधी मिलिग्रॅममध्ये, आणि इथेच लोक फसतात, कारण "फक्त ५ टक्के" वाचायला किरकोळ वाटतं. ५% म्हणजे एका मिलीत साधारण ५० मिलिग्रॅम, २% म्हणजे २०. आता गुणाकार करा. युरोपियन युनियनमध्ये कायद्याने मर्यादा आहे, २ मिली लिक्विड आणि मिलीला २० मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या व्हेपमध्ये ४० मिलिग्रॅम निकोटीन. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटीन जातं. व्हेपमधलंही सगळं शरीरात जात नाही, बरंच बाहेर सोडलेल्या धुक्यात जातं, तेव्हा ढोबळमानाने ते ४० मिलिग्रॅमवालं म्हणजे वीस सिगारेटचं एक पाकीट धरा.

भाच्याच्या खोक्यावर होतं १० मिली आणि ५%. मी कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात दिला. ५०० मिलिग्रॅम. भागिले ४०. साडेबारा पाकिटं. मग विचारलं एक किती दिवस पुरतं रे, तर म्हणाला दोन आठवडे. मी काहीच बोलले नाही. त्यानेच परत भागाकार केला, स्क्रीनकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "मावशी, पण मी तर सिगारेट ओढतच नाही." रोजचं जवळजवळ एक पाकीट, आणि आयुष्यात सिगारेट हातात न धरलेला मुलगा. माझ्या सगळ्या लेक्चरांनी जे झालं नाही ते त्या भागाकाराने झालं. तुम्ही पण गणित स्वतः करून दाखवू नका, त्यांनाच करू द्या.

खोक्यावर "१०,००० पफ" वगैरे जे ठळक छापतात त्याच्यावर हिशोब करू नका, तो मशीनने छोटे छोटे कश ओढून काढलेला आकडा असतो, माणूस तसा ओढत नाही. आणि "निकोटीन शून्य" लिहिलेल्यावरही डोळे मिटून विश्वास नको, अशा व्हेपमध्ये लॅबच्या तपासणीत निकोटीन निघाल्याचं अनेकदा झालंय.

हे एवढं पसरलं कसं, थोडक्यात

हे घरातल्या मोठ्यांसाठी, कारण "आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं काही" म्हणून आपण गप्प बसतो. आजची ई-सिगारेट चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास बनवली, तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, हेतू सिगारेट सोडवायचा होता. जूलनंतर अमेरिकेत शाळाच्या शाळा त्याच्या नादी लागल्या, २०१९ च्या सरकारी पाहणीत तिथली हायस्कूलची २७.५% मुलं व्हेप वापरत होती. मग जानेवारी २०२० मध्ये तिथल्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) फळांच्या आणि मिठाईच्या फ्लेवरवर कारवाई जाहीर केली पण ती कार्ट्रिज, म्हणजे लिक्विडची नळी, बदलायच्या व्हेपवर, डिस्पोजेबल त्यातून सुटली. एवढी फट पुरली, मुलं कार्ट्रिज सोडून डिस्पोजेबलवर गेली. कंपन्यांनी वर आणखी एक पळवाट काढली, तंबाखूपासून नाही तर कारखान्यात बनवलेलं निकोटीन वापरायला लागल्या म्हणजे तंबाखूचा कायदा लागूच नको, ते बंद करायला २०२२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

तिथे आकडे खाली आलेत हेही सांगायला हवं, २०२४ च्या पाहणीत शाळकरी वापरणारे १६ लाखांच्या आसपास होते, आदल्या वर्षी २१ लाख होते, पण जे उरलेत त्यातले निम्म्याहून जास्त डिस्पोजेबलवाले आणि दहातले जवळजवळ नऊ फ्लेवरवाले. भारताने २०१९ मध्येच ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद केलं. ऑस्ट्रेलियाने डिस्पोजेबलची आयात १ जानेवारी २०२४ पासून थांबवली, बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून विक्री, ब्रिटनने १ जून २०२५ पासून, न्यूझीलंडनेही त्याच महिन्यात. बंदी आली की तेच रूप, तेच फ्लेवर, फक्त चार्जिंगचं पोर्ट आणि बदलता येणारी नळी लावून "हे डिस्पोजेबल नाही" म्हणत माल परत येतो, तेव्हा कायद्याने सगळं होईल म्हणून घरच्यांनी हात झटकू नयेत. डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं तेव्हा ८८ देशांत व्हेप विकत घ्यायला कमीत कमी वयाचीसुद्धा अट नव्हती.

मुलांना काय सांगायचं, काय नाही

खोटं घाबरवायचं नाही. हे मला फार उशिरा कळलं. मी त्याला व्हॉट्सअॅपवर आलेला पॉपकॉर्न लंग या फुप्फुसाच्या आजाराचा एक मेसेज पाठवला, त्याने दहा मिनिटांत उलट मलाच दाखवलं की तो आजार आधी पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना डायअॅसिटिल नावाचं लोण्याच्या स्वादाचं रसायन हुंगून झाला होता आणि व्हेपमुळे तसा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. झालं, त्यानंतर माझं खरं बोलणंही खोटं. तसंच अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हेपमुळे जी फुप्फुसं निकामी व्हायची साथ आली, २,८०७ जण हॉस्पिटलात गेले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू, ती खरी आहे, पण तिचा मुख्य संबंध गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये घातलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटशी निघाला. हे अर्धवट सांगितलंत तर मुलं उरलेलं अर्धं स्वतः शोधतात आणि तुमची पत जाते.

जे पक्कं आहे तेच पुरेसं आहे. निकोटीनची सवय लागते आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, त्या काळात लागलेली सवय घट्ट बसते. लक्ष लागणं, मूड, झोप या सगळ्यावर परिणाम होतो. व्हेपने टेन्शन कमी होतं असं पोरांना वाटतं, पण बऱ्याचदा ते टेन्शन म्हणजे आधीच्या कशाचं निकोटीन उतरल्याची बेचैनी असते, म्हणजे चटका त्यानेच द्यायचा न् मलमही त्यानेच लावायचं. कॉइल कोरडी पडून कापूस जळला की फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन असले त्रासदायक पदार्थ बनतात, तो करपट चवीचा कश असतो ना, तोच. आणि धातूंचं म्हणाल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२५ मध्ये काही डिस्पोजेबल व्हेप तपासले, त्यातल्या एकातून दिवसभराच्या वापरात जेवढं शिसं बाहेर पडलं ते जवळजवळ वीस पाकिटं सिगारेटमधल्या शिशापेक्षा जास्त होतं. शिसं आलं कुठून, तर आतल्या सुट्या भागांच्या मिश्रधातूतून, तो लिक्विडमध्ये भिजून भिजून झिरपतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जो माणूस वीस वर्षं सिगारेट ओढतोय त्याच्यासाठी हिशोब वेगळा आहे, सिगारेटचा जळका धूर जास्त वाईट, आणि निकोटीनच्या व्हेपने च्युइंगगम-पॅचपेक्षा जास्त लोक सिगारेट सोडतात असा कोक्रेनच्या (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्याचा निष्कर्ष आहे. अशा माणसाने हा लेख वाचून परत सिगारेटकडे जाऊ नये. पण ज्या पोराने सिगारेट कधी ओढलीच नाही त्याला "सिगारेटपेक्षा बरं" हे वाक्य लागूच होत नाही.

बोलायची वेळ पण बघा, समोरासमोर बसवून "आता बोल" केलं की पोरं दगड होतात, आमचं सगळं बोलणं गाडीत झालं, दोघांची नजर रस्त्यावर. पहिला प्रश्न "का ओढतोस" विचारला तर उत्तर मिळत नाही, "पहिल्यांदा कुठे ओढलंस" विचारलं तर मिळतं.

एक आठवडा नुसतं मोजायचं

आता खरं काम. या आठवड्यात काही सोडायचं नाही, कमी करायचं नाही, फक्त प्रत्येक वेळी व्हेप तोंडाला लावलं की एक रेघ. मोबाइलमध्ये अॅप आहेत पण मोबाइल हातात घेतला की पुढचा अर्धा तास गेला, म्हणून आम्ही कागदच धरला. भाच्याने गणिताच्या वहीचं मागचं पान घेतलं, चार उभ्या रेघा आणि एक आडवी, मतमोजणीत मारतात तशा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ६४ झाल्या आणि वैतागून त्याने वही बंद केली. दुसऱ्या दिवशी परत बसला. रेघेच्या बाजूला एकेक अक्षर लिहायला लागला, बा म्हणजे बाथरूम, अं म्हणजे अंथरूण, मि म्हणजे मित्र. मला वाटलं होतं मित्रांच्या संगतीत जास्त असेल, तर नाही, सगळ्यात जास्त अं. रात्री आडवं पडून एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात हे.

त्या पानावर दोन गोष्टी शोधायच्या. एक, उठल्यापासून पहिला कश किती वेळाने. अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीर बरंच अडकलंय, पाच मिनिटांच्या आत असेल तर फारच, अशा वेळी नुसत्या इच्छाशक्तीवर सोडायचा हट्ट करू नका, डॉक्टर गाठा. दोन, कुठलं अक्षर जास्त येतंय. त्या एका जागेपासून सुरुवात करायची. आमच्यात अंथरूण, म्हणून नियम एवढाच की व्हेप रात्री स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये राहील, पाहिजे तर उठून तिथे जाऊन ओढ. पहिल्या रात्री तो सहा वेळा उठला. चौथ्या रात्री दोन वेळा, उठायचा कंटाळा येतो हो माणसाला, आणि कंटाळा ही फार कामाची गोष्ट आहे.

पुढचे दोन आठवडे मग सकाळचा पहिला कश लांबवत न्यायचा, आज उठल्यावर अर्ध्या तासाने, परवा तासाने. व्हेपची स्ट्रेंथ कमी करत जाणं डिस्पोजेबलमध्ये जमत नाही कारण लिक्विड बदलताच येत नाही, आणि कमी स्ट्रेंथचं दुसरं घेतलं तर माणूस जास्त जोरात आणि जास्त वेळा ओढून भरपाई करतो, त्यामुळे जागा आणि वेळ यांच्यावरच लगाम घाला.

सोडायचा दिवस

तारीख त्यालाच ठरवू द्या. परीक्षेचा आठवडा नको, कुणाचं लग्न नको. आदल्या रात्री कोट, दप्तर, गाडीचा डॅशबोर्ड, जुनी पँट सगळं झाडून बघा, रिकामं झालेलं व्हेपसुद्धा, कारण तलफ आली की रिकाम्यातूनही दोन कश निघतात का बघितलं जातं आणि तो करपलेला कश सगळ्यात घाण.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकेदुखी, लक्ष न लागणं, भूक, झोपेचा बट्ट्याबोळ. हे सगळं अपेक्षित आहे आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातं, हे आधी सांगून ठेवलं नाही तर पोराला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, लाट येते न् जाते. तेवढी मिनिटं काढायला हाताला न् तोंडाला काहीतरी काम हवं, थंड पाणी, बडीशेप, जिन्यावरून दोन चकरा, आणि भाच्याला सगळ्यात जे लागू पडलं ते म्हणजे कापलेला स्ट्रॉ, नुसती हवा ओढायची. बघणाऱ्याला वेड्यासारखं दिसतं, दिसू दे. त्या दिवसांत घरच्यांनी एकच करायचं, त्याने उलट उत्तर दिलं तर तेवढं ऐकून घ्यायचं. ताईला हे फार जड गेलं.

निकोटीनचे च्युइंगगम आणि पॅच मिळतात पण अठराच्या आतल्यांना, गरोदर बाईला किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत. आणि गम साध्या च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो हे कुणी सांगतच नाही. हळू चावायचा, झिणझिण किंवा तिखटसर लागलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की परत दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. भराभरा चघळला तर निकोटीन पोटात जातं, उचकी आणि मळमळ, आणि मग "गम मला सूट होत नाही". त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कॉफी, कोल्ड्रिंक नको, आम्लामुळे निकोटीन तोंडात नीट शोषलं जात नाही. डॉक्टर काही जणांना व्हरेनिक्लिन नावाची गोळी पण देतात, २०२५ मध्ये १६ ते २५ वयाच्या व्हेप ओढणाऱ्यांवर तिचा एक अभ्यास आला, त्यात उपचाराच्या शेवटच्या चार आठवड्यांत गोळीवाल्यांतले ५१% पूर्ण बंद राहिले आणि नकली गोळीवाल्यांतले १४%, दोघांनाही सोबत समुपदेशन होतं. तिची माहिती विचारायला लाजू नका, पण स्वतःच्या मनाने घ्यायची गोष्ट नाही ती.

एकविसाव्या दिवशी भाचा घसरला. मित्राचा वाढदिवस, कुणीतरी पुढे केलं, चार कश. मला रात्री मेसेज आला, "४". बाकी काही नाही, नुसता आकडा. मला आधी राग आला आणि मग लक्षात आलं की हा पोरगा मोजतोय, दोन महिन्यांपूर्वी याला दिवसाचे किती ते माहीत नव्हतं. घसरण झाली तर परत पहिल्या पानापासून सुरू करायची गरज नसते, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी हातात व्हेप नसलं पाहिजे एवढं बघा. कुणाशी, कुठे, किती हे वहीत लिहायचं आणि त्या मित्राला सरळ सांगायचं की माझ्यापुढे करू नकोस.

आणि आता ते कचऱ्याच्या डब्याचं

व्हेप घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबलं गेलं की लिथियम बॅटरी फुटते आणि आग लागते, अशा आगी जगभर लागतायत. ब्रिटनमध्ये बंदीच्या आधी, २०२३ मध्ये, आठवड्याला जवळजवळ ५० लाख डिस्पोजेबल व्हेप कचऱ्यात नाहीतर रस्त्यावर जात होती, आणि वैताग म्हणजे त्यातली बॅटरी बहुतेक वेळा परत चार्ज होणाऱ्या जातीचीच असते, एकदा वापरून फेकायला बनवलेली.

तोडायचं नाही, जाळायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही. तोंडावर आणि पोर्टवर चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, आणि जमलं की ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. फुगलेलं किंवा गरम लागणारं असेल तर घरात ठेवूच नका, डबा बाहेर मोकळ्या जागी. लिक्विड गळून हाताला लागलं तर साबणाने धुवा. लहान मुलाने चोखलं किंवा गिळलं, ओकारी, घाम, तोंडाला लाळ, गरगरणं, काहीही दिसलं किंवा नुसता संशय जरी आला तर घरगुती उपाय करत बसू नका, ओकारी काढायला लावू नका, वस्तू सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा, तिथे निकोटीन किती ते खोक्यावर बघता येतं.

मी पहिलं फेकलेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत गेलंच, त्याचं काही करता आलं नाही. नंतरची भाच्याने स्वतः नेऊन दिली. केंद्रावरच्या माणसाने रजिस्टर उघडून नग किती विचारलं, मी डब्यात वाकून बघायला लागले तोवर हा म्हणाला, "तीन. आणि एक चार्जर."